खोतांच्या घराची डागडुजी: कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

आज दसरा. मुहूर्त वगैरे काही बघितला नव्हता, सुट्टी होती म्हणून आजच घर उघडलं, तीन वर्षांनी. कुलूप गंजून एकजीव झालेलं, तेल घातलं, ठोकलं, शेवटी कडीच उपटून काढली. आत पाऊल टाकल्यावर आधी वटवाघळांचा वास आणि मग ओल्या मातीचा. माजघराच्या कोपऱ्यात वाळवीनं जमिनीपासून थेट वाशापर्यंत मातीची नळी चढवलीय, बोटाएवढी जाड आणि इतकी ओळंब्यात की आमच्या साइटवरच्या प्लंबरला आणून दाखवावी.

तात्याकाका पायरीवरच बसले, आत आले नाहीत. ८६ वय आहे, गुडघे बोलतात. म्हणाले, "चूल विझली की घर गेलं गो." मला वाटलं म्हातारपणाचं बोलणं, पण नंतर टॉर्च घेऊन वर बघितलं तर माणूस अगदी टेक्निकल बोलत होता. स्वयंपाकघरावरचे वासे काळे कुळकुळीत आणि ठणठणीत, टिचकी मारली की खणखण वाजतात. कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या रोज चुलीचा धूर लागलाय, काजळी बसलीय, भुंगा त्याच्या वाटेला गेला नाही आणि पावसाळ्यातली ओलही तिथल्या तिथे सुकली. पुढच्या खोलीत जिथे धूर पोचत नव्हता तिथले वासे पोखरलेले, खाली पिठासारखे ढीग.

या नोंदी मुख्यतः १७ हिस्सेदारांना हिशोब दाखवायला लिहितेय. आमचं घराणं खोतांचं, म्हणजे पूर्वी गावची जमीन कसणाऱ्यांकडून सारा वसूल करणारं. मी ठाण्यात एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटिंग करते, म्हणजे आरसीसी, स्लॅब, ब्लॉकवर्क. जांभा (कोकणातला लाल दगड) आणि चुना यातलं मला काडीचं कळत नाही हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवते, नंतर कुणी बोलायला नको.

१५ ऑक्टोबर

मापं घेतली. ओटी, पडवी, माजघर, दोन्ही अंगांना खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर माळा. छपरावर साधारण साडेतीन हजार कौलं बसतात असा माझा हिशोब, त्यातली सहाशेच्या आसपास फुटलेली किंवा सरकलेली. विहिरीला पाणी चांगलं. गडगा दोन ठिकाणी ढासळलाय, ते सगळ्यात शेवटी.

२ नोव्हेंबर

पाडव्याचा मुहूर्त साधून हिस्सेदारांची ऑनलाइन मीटिंग. १७ पैकी ११ आले, दोघांचा आवाज येत नव्हता, एकाचा फक्त पंखा दिसत होता.

प्रस्ताव असा होता की घर दुरुस्त करायचं, मालकी आपलीच राहील, पण १५ वर्षांसाठी गावाला वापरायला द्यायचं. पुढच्या दोन खोल्यांत वाचनालय आणि पोरांचा अभ्यास, माजघर आणि स्वयंपाकघर बचत गटाला आगळ-आमसुलं-फणसपोळीसाठी, एक खोली हिस्सेदारांना आल्यागेल्याला. दादाचं म्हणणं होमस्टे करा, आपली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत, त्यातली बरीच आपल्या राजापूर तालुक्यातच आहेत, बाहेरचे लोक येतात आणि त्यांना राहायला जागा नसते. मुद्दा चुकीचा नाही. पण होमस्टे चालवायला माणूस लागतो, सकाळी सहाला चहा आणि रात्री अकराला "गीझर चालत नाही" ऐकणारा माणूस, तो १७ जणांतला एक तरी आहे का विचारल्यावर पंखा दिसत होता ती विंडोसुद्धा बंद झाली.

मग खरी भीती बाहेर आली. "वापरायला दिलं की कूळ लागतं." म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायमचा हक्क. कोकणात जमिनीचं काही बोलायला बसा, तिसऱ्या वाक्याला कूळ येतंच. १९४८ चा कूळकायदा शेतजमिनीचा आहे, घर रीतसर रजिस्टर केलेल्या कराराने दिलं तर तो प्रश्न येत नाही, हे वकिलांकडून फोनवर सगळ्यांना ऐकवलं. पटलं किती कुणास ठाऊक, गप्प मात्र बसले.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान, त्यामुळे गाड्या भरून चाकरमानी आले. मी स्टॅम्पपेपर घेऊन ओटीवर टेबल मांडून बसले. नऊ सह्या एका दिवसात. इतकी वर्षं जे जमलं नाही ते निवडणुकीनं केलं. उरलेल्या कुरियरने. आत्याच्या सहीवरून थोडं झालं. तिला वाटत होतं की मुलींचं नाव कशाला, मी म्हटलं २००५ नंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, सही नसेल तर कागदाला किंमत नाही. तिने सही केली आणि मग दोनदा विचारलं, "म्हणजे हे घर माझंपण आहे?"

८ डिसेंबर

घराचं वय ठरवण्याचा कार्यक्रम. गावात सगळे ठामपणे सांगतात की घर १८६५ चं, पुरावा काय तर कौल. पालथं केलं की इंग्रजीत छापलंय, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. मीपण लहानपणापासून हेच ऐकलंय, शाळेत निबंधातसुद्धा लिहिलं होतं. खरी गोष्ट अशी की बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५, आणि तेच साल ते पुढे कौलांवर उठवत राहिले. म्हणजे हे आपण "स्थापना अमुक साली" लिहिलेला फरसाणचा डबा दाखवून फरसाण तेव्हाचं आहे म्हणण्यासारखं झालं.

आज सुतारकाका आढ्यावर चढले, तिथली काजळी फडक्याने पुसली तर कोरीव अक्षरं, "शके १८२९ प्लवंगनाम संवत्सरे". खालून दादाच्या मुलाचा व्हिडिओ कॉल चालू होता, तो ओरडला, "म्हणजे १८२९? मग तर कौलांच्याही आधीचं!" शके, बाबा, शके. ७८ मिळव. १९०७. तात्याकाकांना सांगितलं तर नाराज झाले, एका फटक्यात ४२ वर्षं कमी केलीन म्हणाले.

२० डिसेंबर

आज मन खट्टू झालं. माजघराच्या भिंतींना खालून चार फूट सिमेंट प्लास्टर आहे, १९९४-९५ च्या सुमारास एका काकांनी हौसेनं करून घेतलेलं, ओल येते म्हणून. ते काढायला घेतलं. छिन्नी लावली तर प्लास्टर पापडासारखं एकसंध सुटून आलं आणि मागचा चिरा, म्हणजे भिंतीतला जांभ्याचा ठोकळा, त्याच्याबरोबर. हाताने खरवडला तर लाल माती गळतेय, दीड-दोन इंच आत बोट जातं.

ज्यांनी प्लास्टर केलं त्यांचा दोष नाही, तेव्हा सगळेच करत होते, मीही केलं असतं. पण झालं काय ते नीट लिहून ठेवते. जांभा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीनं तासता येतो आणि मग हवा लागून टणक होतो. फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये केरळात या दगडाला लॅटराइट नाव दिलं तेच मुळी लॅटिनमधल्या वीट या शब्दावरून, कारण लोक विटांसारखे तुकडे कापून घरं बांधत होते. तर हा चिरा जमिनीतली ओल वर ओढतो आणि पूर्वी भिंतीला माती नाहीतर चुना असायचा त्यातून ती ओल हवेत निघून जायची. सिमेंटनं ती वाट बुजवली. मग ओल आणखी वर चढली, जिथे सिमेंट संपतं तिथे लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटला, आणि त्याहून वर गेली ती थेट भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकापर्यंत. दोन तुळयांची टोकं कुजलीत. म्हणजे खाली केलेल्या उपायानं वर छप्पर धोक्यात. इथे रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंतीला श्वास घ्यायला कुठूनतरी जागा पाहिजेच.

एस्टिमेट आज फाडलं. नवीन करायला घेतलं.

५ जानेवारी २०२५

चुना आला. बाजारात पिशवीत मिळणारी पांढरी पावडर गवंडीमामांनी हुंगून परत पाठवली आणि चुनकळी, म्हणजे भाजलेला पण न विरवलेला चुना, आणायला लावली. मामांनी तरुणपणी खाडीतले शिंपले भाजून चुना करणारी भट्टी चालवलेली बघितलीय, आता ती जागा म्हणजे कुणाचंतरी आंब्याचं कलम आहे.

खळ्याच्या कडेला खड्डा करून चुनकळी विरवली. पाणी पडल्याबरोबर आधी काही नाही, मी मोबाईल काढला, आणि मग एकदम फुसफुस करून खदखदायला लागलं, वाफेचा लोट. पोरं आनंदाने किंचाळली, मामांनी सगळ्यांना दहा हात लांब हाकललं, डोळ्यात उडालं तर डोळा जाईल म्हणून. गॉगल मी आणले होते, घालायला फक्त मीच होते. हा चुना आता पाण्याखाली निदान महिनाभर मुरायचा. सिमेंटवाल्या माणसाला हे फार जड जातं, आमच्याकडे २८ दिवसांत काँक्रीटची ताकद तपासायच्या क्यूबचा रिझल्ट हातात असतो आणि इथे २८ दिवस नुसता खड्ड्याकडे बघत बसायचं.

वाळूबद्दल मामांची ताकीद, खाडीची नको, मिठानं भिंत परत फुटेल. नदीची, तीही धुवून.

२६ जानेवारी

ग्रामसभा. मी प्रेझेंटेशन केलं होतं, बारा स्लाइड, "आपला वारसा" असं पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात. प्रोजेक्टर शाळेचा. लोकांनी शांतपणे बघितलं. इतकं शांतपणे की मला वाटलं आवडलं.

मग प्रश्न काय तर नळपाणी योजनेचा पंप कधी चालू होणार. सरपंचबाईंनी गाडी परत घरावर आणली. तेव्हा खालच्या वाडीतली आजी उभी राहिली. सत्तरीच्या पुढची, काठी टेकत. म्हणाली, "बाय, तुजा वारसा हाय. आमचा कसा? माजा आजा त्या वटीवर भात मापून द्यायचा. अर्ध्याच्या वर जायचं. तो आत कधी गेला नाय. मी तुज्या आजीकडं चाळीस वर्सं भांडी घासली, मागल्या दारानं."

मी खाली बसले. स्लाइड तशीच, "आपला वारसा".

तिच्या शेजारचा मुलगा, बी.एड. करतोय, आवाज न चढवता म्हणाला की बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या असेंब्लीत खोतीविरुद्ध बिल आणलं होतं, तुम्ही वाचलंय का. मी वाचलं नव्हतं. म्हणजे नाव ऐकून होते. आमच्या घरात खोतीचा विषय निघतो तो शिमग्याला मानाचा नारळ कुणाचा यापुरताच.

२७ जानेवारी

तात्याकाका भडकलेत. "१९४९ ला कायदा झाला, खोती गेली, पंच्याहत्तर वर्षं झाली, अजून काय?" मी काही बोलले नाही. दुपारी माळ्यावर साफसफाई करताना एक पायली आणि दोरीने बांधलेली वह्यांची चवड सापडली, बरंचसं मोडीत, पण मधेमधे देवनागरी आहे. अर्धेल (पिकाचा निम्मा वाटा), नाव, मण, पायली. एका पानावर एका नावापुढे "बाकी" असं सात वर्षं लागोपाठ. आडनावाच्या जागी नुसती वाडी लिहिलीय. मी पान उलटलं आणि परत मागे आले, ते नाव आजीच्या आजाचं आहे की नाही हे मला कळायला मार्ग नाही आणि जाऊन विचारायची हिंमतही नाही.

काम आज बंद होतं. मी बंद ठेवलं.

९ फेब्रुवारी

बचत गटाच्या बायका आल्या, सगळ्या वाड्यांतल्या मिळून तेरा जणी. ओटीवर बसल्या. चहा झाला. अध्यक्ष वहिनींनी कागद काढला, त्यावर मुद्दे लिहून आणले होते, बॉलपेनने, वहीच्या पानावर. पुढच्या दाराने ये-जा, मागचं दार फक्त लाकडं आणि पाणी आणायला. पाटीवर खोत हा शब्द नको, कुणाच्या आजोबांचं नावही नको. करार रजिस्टर, आणि त्याची एक प्रत गटाच्या कपाटात. आणि वाचनालयाच्या कमिटीत खालच्या वाडीतले निदान दोघं.

मी म्हटलं सगळं मान्य. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही एकट्या मान्य करून काय, सतरा आहेत ना तुम्ही." बरोबर होतं. मेसेज टाकला. पाटीवरून दादाशी दीड तास फोन झाला, त्याचं म्हणणं पैसे आपण घालतोय तर आजोबांचं नाव का नको. माझ्याकडे खरं उत्तर एकच होतं, की नाव असेल तर घर रिकामं राहील, आणि रिकामं राहिलं तर वाळवीला नावाशी काही देणंघेणं नाही.

सह्या झाल्या. दादाची शेवटची आणि तीही "अंडर प्रोटेस्ट" लिहून.

२२ फेब्रुवारी

लाकूडकाम. दोन तुळया बदलायच्या नाहीत असं सुतारकाकांनी ठरवलं, मला वाटलं होतं की बदलायला लागतील. कुजलेला फूट-दीड फूट कापून तिथे नवा तुकडा सांधला. सांधा म्हणजे दोन्ही टोकांना तिरका, लांब काप, एकमेकांवर बसतील असा, मध्ये आडवी पाचर ठोकून. पाचर आत गेली तसे दोन्ही तुकडे एकमेकांत आवळले गेले आणि फट बंद. मी कागद सरकवून बघितला, जाईना. लाकूड आमच्याच परसातल्या फणसाचं, मे २०२१ ला तौक्ते वादळात पडलेला, फळ्या पाडून गोठ्यात ठेवल्या होत्या, तीन वर्षं आरामात सुकल्या. खिडकीसाठी मात्र काका म्हणाले यातलं नको, सागच आणा.

भिंतीत टोक शिरतं तिथे सगळीकडून हवा खेळेल एवढी जागा सोडली. पूर्वी अशीच होती, कुणीतरी सिमेंटनं भरून टाकली होती.

१४ मार्च

शिमगा. चार दिवस कुणी येणार नाही, विचारायचीही सोय नाही. पालखी घरी आली, भिंती उघड्या, खळ्यात वाळूचा ढीग, तरी आली. मानाच्या नारळाचा वाद यंदाही झाला, मी त्यात पडले नाही.

६ एप्रिल

प्लास्टर चालू. यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुरखी. फुटलेली सहाशे कौलं मी भंगारात धरली होती. मामांनी ती एकसुद्धा टाकू दिली नाही, पोरांना बसवून कुटून घेतली, मैद्याच्या चाळणीने चाळली. भाजलेल्या मातीची ही पूड चुन्यात मिसळली की मिश्रण ओलीतसुद्धा घट्ट होतं, नुसता चुना हवेची वाट बघत बसतो. त्यामुळे खालचे तीन फूट सुरखीचे आणि वरचं नुसतं चुना-वाळूचं. छपरावरचं कौल भिंतीत आलं. हिशोबाच्या वहीत "कौलं, भंगार" हा रकाना मी खोडला.

गूळ आणि हिरड्याचं पाणी आम्ही घातलं. अंडी, उडीद, भेंडीचा चिकट रस, यूट्यूबवर दर दोन मिनिटांनी एक नवीन पदार्थ सांगतात, मामा म्हणाले भिंत बांधायचीय की आमटी करायचीय.

हात पातळ ठेवायचा, एक थर, मग थांबायचं, तडे गेले तर लाकडी थापीने परत दाबायचं. पाच जण शिकतायत, तीन पोरगे आणि दोन मुली. त्यातल्या एकीचा हात मामांपेक्षा सफाईदार आहे हे मामांनी कबूल केलं, तिच्यासमोर नाही. तिला शेजारच्या गावात एका घराचं काम विचारायला लोक आले होते. मी या प्रकल्पात "रोजगार" असा रकाना केला नव्हता.

२८ एप्रिल

माजघराची फरशी काढली, खालची माती चोपून घेतली. चोपणी सहा, बायका आठ, एक लय लागली की आवाज अख्ख्या वाडीत जातो. शेवटी सारवण. दादाने विचारलं की शेणाची जमीन आणि फूड लायसन्स कसं जमणार. नाही जमणार. म्हणून स्वयंपाकघरात, जिथे माल तयार होतो, तिथे धुता येणारी फरशीच ठेवलीय, भिंतीला चार फूट टाइल. पण टाइल भिंतीला चिकटवलेली नाही, मागे बोटभर पोकळी सोडून लाकडी चौकटीवर, भिंत मागून सुकत राहील. हे सुचलं ते मात्र मला, एवढं श्रेय घेते.

११ मे

उशीर झालाय. कौलं उतरवून रीपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलायचं काम एप्रिलअखेर संपायला हवं होतं, रीपांचा टेंपो ज्याच्याकडून यायचा होता त्याने तीन आठवडे "उद्या" सांगितलं. मागची पाखी, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, अजून उघडी. तरी सात जूनपर्यंत वेळ आहे, मृग लागेपर्यंत होईल.

रातांबे (कोकमाची फळं) उतरायला लागले. गटाने खळं आणि ओटी मागितली, आमसुलं सुकवायला. घर पूर्ण नाही तरी हो म्हटलं. साली फोडायच्या, मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात, परत रसात, परत उन्हात. अख्खं खळं लालजांभळं झालंय आणि माशी एक नाही.

२५ मे

मृगाची वाट कुणी बघितली नाही. २० पासून पाऊस लागलाय, अरबी समुद्रातलं डिप्रेशन काल रत्नागिरी-दापोलीच्या मधे किनाऱ्याला आलं आणि आज मान्सूनच कोकणात दाखल झाला म्हणे. मे महिन्यात! बारा-तेरा दिवस आधी.

परवा रात्रीचं लिहून ठेवते. साडेदहाला वारा सुटला, लाइट गेली. मागच्या पाखीवर ताडपत्री होती ती एका कोपऱ्यातून सुटली आणि शिडासारखी फडफडायला लागली. मी, सुतारकाकांचा मुलगा आणि बी.एड.वाला असे तिघं वर. खाली खळ्यात अडीचशे किलोच्या आसपास आमसुलं ताटांत, सुपांत, ताडपत्रीवर. कुणी कुणाला फोन केला माहीत नाही, लाइट नव्हती तरी खालून बॅटऱ्यांची रांग चढत आली, पाखाडीच्या पायऱ्यांवरून, सगळ्या वाड्यांतल्या बायका. वरून मला फक्त बॅटऱ्या दिसत होत्या आणि ओरडाआरडा ऐकू येत होता, ताटं पुढच्या दारातून आत, ओटी, माजघर, खोल्या. दीड वाजता खाली उतरले तेव्हा माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आजी चुलीपाशी बसून फुंकणीनं फुंकत होती. चूल पेटवायचं कुणाला सुचलं विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुकवायची कशी मग? तुज्या स्लायडीवर?"

वरच्या सांध्यांतून धूर निघत होता, पावसात.

नुकसान: मागच्या खोलीचं ओलं प्लास्टर दोन ठिकाणी वाहून गेलं, चाळीस-एक किलो माल बुरसला, ताडपत्री फाटली. उरलेल्या रीपा आजपासून दोन पावसांच्या मधे.

१२ जून

छप्पर बंद झालं. माजघरावर दोन काचेची कौलं टाकली, दुपारी उजेडाचे दोन चौकोन जमिनीवर सरकत जातात, पोरं त्यात पुस्तकं धरून बसतात. उद्घाटन केलं नाही. कुणाला बोलवायचं यावर एकमत होणार नाही हे एकमताने ठरलं.

वाचनालयात सध्या ३४० पुस्तकं, त्यातली सत्तर कॉम्पिटिटिव्ह एक्झामची, तीच फिरतात. मोडी वह्या आणि पायली कपाटात ठेवल्यात, कपाटाला काच आहे, कुलूप नाही. बी.एड.वाला मोडी शिकतोय, ऑनलाइन. तात्याकाका त्याला अक्षरं लावायला मदत करतात, म्हणजे करतात कमी आणि चिडतात जास्त, पण तो रोज येतो.

वीजबिल अजून पणजोबांच्या नावाने येतं. मीटर गटाच्या नावावर करायला १७ जणांचं ना-हरकत पाहिजे. परत १७. पाटी कोरी लटकतेय, नावाबद्दल सहा सूचना आल्यात, त्यातल्या चार दादाच्या.

२२ जून

आगळाच्या बाटल्यांचा पहिला बॉक्स मुंबईला गेला. हिशोब गटाच्या वहीत, माझ्या नाही.

दुपारी आजी आली होती. आमसुलांना मीठ कमी पडलंय म्हणून गटातल्या दोघींना झापलं, मग माजघरात भिंतीला टेकून बसली, पाय पसरून, अर्धा तास. उठली तेव्हा पाठीवर सगळा पांढरा पट्टा. झटकला तर हातालाही लागला. मला बोलावून हात दाखवला, "ही कसली सफेदी काढलीस गो? माज्या लुगड्याला नको तुजी भिंत."

मामांना फोन लागला नाही. उद्या विचारायचं, सफेदीत डिंक किती घालतात, आणि पावसात दुसरा हात देता येतो का.